साखळीवरचा तळहात

कुशाबा जाधवाने हात वर केल्याशिवाय ट्रेलर जागचा हलत नाही, हे लोअर परळच्या बांधकामांवर सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा तर मोटारीतून उतरलेला एक बिल्डर घड्याळाकडे बघत वीस मिनिटं उन्हात ताटकळला होता, पण कुशाबाचा हात काही वर गेला नाही. बिल्डर असशील तुझ्या घरचा. काम एका वाक्यात सांगायचं तर अवजड मशीन ट्रेलरवर चढवायचं आणि साखळ्यांनी बांधायचं. पण एका वाक्यात तर पोलीस कमिशनरचंही काम सांगता येतं, म्हणून जरा नीट सांगतो.

आधी मशीनची आंघोळ. पोकलेनच्या, म्हणजे खोदाईच्या मशीनच्या, लोखंडी पट्ट्यांत साइटवरचा चिखल गच्च बसलेला असतो, आणि मधे चिखल असला की लोखंड लोखंडाशी नांदत नाही, घसरतं. म्हणून पाण्याचा पाइप लावून पट्टे धुवायचे, ट्रेलरची पाठ झाडून घ्यायची. मग रॅम्प. रॅम्पसमोर इशारा करणारा माणूस एकच, बाकीच्यांनी हात खिशात घालून गप्प राहायचं. दहा जणांनी "येऊ दे, येऊ दे" केलं की मशीन येतं ते थेट खाली. वर चढलं की ते बरोब्बर मधोमध बसवायचं, पुढची बकेट लाकडी ठोकळ्यावर टेकवायची, चारी कोपऱ्यांना चार साखळ्या, आणि बकेटच्या त्या लांबलचक लोखंडी दांड्याला पाचवी.

आणि मग कुशाबाचं खास काम. हातात जाड पाना घेऊन तो ट्रेलरभोवती फिरतो आणि एकेक साखळी ठोकतो. ताठ साखळी ठण्णकन बोलते आणि थोडा वेळ गुणगुणत राहते. ढिली साखळी खडखडते आणि गप्प होते. पण खरी दगाबाज तिसरीच. तिची एखादी कडी मशीनच्या कोपऱ्यावर अडून बसलेली असते. बघाल तर ताठ, ओढाल तर ताठ; रस्त्यात चार खड्डे लागले की कडी निसटते आणि वीतभर ढील सुटते. वीस टन लोखंडाला उडी मारायला वीतभर जागा पुष्कळ झाली. अशी साखळी ठोकली की फुटक्या मडक्यासारखी बद्द वाजते. ते ओळखायला कान लागतो, आणि तीस वर्षं कुशाबाचा कान म्हणजे कान होता.

इशारे मात्र तो शाळेत शिकला नाही की कुठल्या ट्रेनिंगमध्ये. ते घरचे. त्याचा बाप भिवा गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात होता. त्या खात्याचा आवाज ज्याने ऐकला त्याला दुसरं काही ऐकायला उरत नसे. चाळिशीतच भिवा ठार बहिरा झाला. पण माणूस मोठा गमत्या. घरात त्याने सगळ्यांना हातांची भाषा लावली. बोटं तोंडाशी नेली की जेवायला चला, तळहात खाली दाबला की हळू, मूठ आवळली की थांब. माणसांनाही खुणेची नावं. लहानपणी कान पिळून घ्यायची वेळ रोज यायची म्हणून कुशाबाचं नाव कानाची पाळी चिमटीत धरणं. पुढे सून आली, मीराबाई. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा हिरवा ठिपका. सासऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवून तिचं नाव ठेवलं. ती बिचारी लाजून चूर. पण वर्षभरात तीच सासऱ्याशी हातांनी अशी भांडायची की बघणाऱ्याची करमणूक व्हायची.

भिवा जाऊन बारा वर्षं झाली. त्याच्याबरोबर ती खुणेची नावंही गेली, असं कुशाबाला वाटत होतं.

चाळीतली पोरं त्या काळी भिवाला "बहिरा भिवा" म्हणायची. कुशाबाने त्यापायी दोघांचे दात पाडले होते. पण एक गोष्ट तो कुणालाच सांगत नसे. सहावीत असताना बाप शाळेच्या फाटकाशी आला, बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात "कुशाऽऽबा" म्हणून हाक मारली, पोरं फिदीफिदी हसली, आणि कुशाबा दुसऱ्याच गेटने पळून गेला. बाप अर्धा तास उभा होता म्हणे. घरी आल्यावर रागावलादेखील नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. अठ्ठावन्नाव्या वर्षीही ते आठवलं की कुशाबाचा घास तोंडात फिरायचा.

आता लक्षात येईल, त्याचे स्वतःचे कान जायला लागले तेव्हा त्याने कुणाला का सांगितलं नाही ते. ब्रेकर, ड्रिल, इंजिनं, तीस वर्षांचा हा गोंगाट. कान म्हणजे काय लोखंड आहे? पुण्याहून मुलाचा, अभयचा फोन आला की कुशाबा म्हणायचा, "आवाज कट होतोय रे, नेटवर्क नाय." नेटवर्क बिचारं शाबूत होतं. कुणी जवळ येऊन समोर बोललं तर त्याला ओठांवरून आणि अर्ध्यामुर्ध्या आवाजावरून कळायचं. बाकी ठिकाणी तो मान डोलवायचा. मान डोलवण्यावर या जगात किती निभतं, ते बहिऱ्यालाच विचारावं.

एकाच ठिकाणी मान डोलवून चालणार नव्हतं, ते म्हणजे साखळी. तिथे त्याला बापच आठवला. भिवा चालत्या मशीनवर तळहात ठेवायचा आणि कुठली चाती बिघडलीय ते सांगायचा. कुशाबाने साखळी ठोकून तिच्यावर डावा तळहात ठेवून बघितला. ताठ साखळी तळहातात बराच वेळ झिणझिणली. ढिली लगेच मेली. अडलेली कडी असेल तर झिणझिण तुटक, ठेचकाळत आल्यासारखी. कुशाबाच्या डोळ्यांत पाणी आलं. कान गेले तर गेले, बापाचा हात शाबूत होता. तेव्हापासून तो असाच तपासायचा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा बैलाच्या पाठीवर थोपटतात तसं मशीनला थोपटतोय. वाटू दे की. हात वर जायचा तो खरा असायचा, तेवढं बस.

घरीही सगळं ठीक होतं. उलट मीराबाई हल्ली कमी बोलायची. पूर्वी चहा गाळताना सुरू झालेली बाई भांडी घासून होईपर्यंत थांबत नसे. आता समोर येऊन उभी राहायची, त्याने वर बघितलं की बोटं तोंडाशी न्यायची, झालं, जेवायला. पाणी हवं का, दार लाव, औषध घे, सगळं हातानेच. वय झालं, थकली असेल, असं कुशाबाला वाटायचं. खरं सांगायचं तर घरातल्या शांततेने तो मनातून थोडा सुखावलाही होता. पुरुषांना काय, एवढंसं सुखही पुरतं.

तर गोष्ट एका शुक्रवारची. लोअर परळला जुन्या गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहतोय, तिथून एक पोकलेन भायखळ्याच्या साइटवर न्यायची होती. ट्रॅफिकवाल्यांनी दुपारची दोन ते चार एवढीच वेळ दिलेली. ट्रेलरवर ड्रायव्हर प्रितम. प्रितम वरळीच्या कोळीवाड्यातला, बापजादे होडीवर, हा ट्रेलरवर. आईबापाला, देवाला आणि कुशाबाला सारखाच अरे-तुरे करायचा, कोळीवाड्याची रीतच ती. सहा वर्षं दोघं एका गाडीवर होते. दोन बाटल्या पाणी, एक डबा, आणि कुशाबाचा हात वर गेला की प्रितमची चावी फिरणार, असा संसार.

पट्टे धुतले, मशीन चढलं, मधोमध बसलं, पाचही साखळ्या कसल्या. कुशाबाने जाड रबरी हातमोजे काढून कमरेला खोचले आणि पाना उचलला. तेवढ्यात राजस समोर आला. राजस म्हणजे साइटचा नवा सेफ्टी ऑफिसर, पुण्याचा, सव्वीस वर्षांचा, इस्त्रीच्या घडीतून नुकताच काढल्यासारखा.

"काका, हातमोजे काढायचे नाहीत."

"साखळ्या ओढताना घातले होते की."

"ट्रेलर गेटबाहेर जाईपर्यंत ठेवायचे. गेल्या आठवड्यात एका साइटवर एकाची दोन बोटं साखळीत चिरडली. मी बघितलंय ते." राजस जवळ उभा होता म्हणून कुशाबाला नीट कळलं. पोराचा चेहरा 'मी बघितलंय' म्हणताना पांढरा पडला होता. त्याच्याशी भांडणार तरी कसं? "आणि मी व्हिडिओ घेतोय, हेड ऑफिसला पाठवायचाय. तुम्ही करा तुमचं."

कुशाबाने मोजे घातले. पहिली साखळी ठोकली, तळहात ठेवला. काही नाही. जाड रबराखाली साखळी आहे की पायपुसणं, पत्ता लागेना. पुन्हा ठोकली, पुन्हा काही नाही. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. तो फिरला, ठोकलं, थोपटलं, सगळं रोजच्यासारखं दिसत होतं. फक्त त्याला काही कळलेलं नव्हतं.

वरून बघायला पाचही ताठ होत्या. राजसने मोबाइल धरलेला. प्रितम नेहमीसारखं इंजिन बंद करून, काच खाली करून आरशातून बघत होता. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोजा काढू द्या म्हणावं, तर राजस विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर एकच होतं. ते एकदा तोंडातून गेलं की संपलं. वीस टनांच्या मशीनवर बहिरा माणूस कोण ठेवील? संध्याकाळपर्यंत डिलाईल रोडच्या चाळीत बातमी, भिवाचा पोरगा पण बापावर गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि तसं बघितलं तर पाच साखळ्यांत वाकडी निघते ती वर्षातून एखाद वेळेला. आजच कशाला निघेल?

त्याचा हात वर जाऊ लागला. छातीपर्यंत आला.

आणि त्याला भायखळ्याच्या वाटेवरचा पुलाचा उतार दिसला. तिथे ट्रेलरच्या पुढे कोणीतरी असणारच. स्कूटरवर बाई असेल, मागे दप्तर घेतलेली पोर असेल. आणि त्यांच्या आधी, केबिनमध्ये, पाठीमागे वीस टन घेऊन प्रितम. आरशात त्याचे डोळे दिसत होते. या डोळ्यांनी सहा वर्षं त्याच्या हातावर विश्वास ठेवला होता. कुशाबा मनात म्हणाला, अरे, एकदा लाजेपायी दुसऱ्या गेटने पळालास, ते अजून पचलं नाही. आता पुन्हा पळतोस?

त्याने हात खाली घेतला. मग मोजा घातलेला तळहात कानावर ठेवला आणि मान हलवली. रोज दहा वेळा बाप करायचा ती खूण. आयुष्यात कधी करणार नाही असं ठरवलेली खूण.

"राजससाहेब," तो म्हणाला, आणि आपला आवाज किती मोठा निघाला ते त्याला कळलंच नाही. रॅम्पवरची, पाइपवरची, गेटवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. "मला ऐकू येत नाय. वर्ष झालं. साखळी मी हाताने ओळखतो, आणि मोज्यात हात बहिरा होतो. ही गाडी बरोबर आहे की नाय, मला ठाऊक नाय. मी हात वर करणार नाय."

राजसचा मोबाइल खाली आला. प्रितम केबिनमधून उतरला, चालत आला आणि कुशाबाच्या अगदी समोर उभा राहिला.

"माहीत आहे मला, काका. गेल्या दिवाळीपासून."

कुशाबाने त्याच्या ओठांकडे पुन्हा बघितलं.

"इंजिन कशाला बंद करतो मी? डिझेल वाचवायला? अरे, तू ठोकतोस आणि मी ऐकतो. आजपर्यंत तुझा हात एकदाही चुकला नाही, म्हणून मी गप्प. कशाला उगाच तुला टोचायचं?" प्रितमने ट्रेलरकडे बोट केलं. "पण आज हात वर केला असतास ना, तर मी गाडी काढली नसती. आणि उद्यापासून तुझ्याबरोबर बसलोही नसतो. तिसरी बद्द वाजली, काका."

कुशाबाने ट्रेलरची कड धरली. मग राजसकडे न बघता डावा मोजा ओढून काढला. राजसने अडवलं नाही. कुशाबाने तिसरी साखळी ठोकली आणि उघडा तळहात ठेवला. झिणझिण आली, अडखळली, मेली. तो वाकला, पट्ट्याच्या आत बोटांनी चाचपत गेला. खालच्या कोपऱ्यावर एक कडी उभी राहून बसली होती, कोंबडी दांडीवर बसते तशी. साखळी सैल केली, कडी उतरवली, पुन्हा कसली, पुन्हा ठोकली. या वेळी साखळी त्याच्या तळहातात बराच वेळ बोलत राहिली.

"मी बघू?" राजसने विचारलं. कुशाबाला ऐकू आलं नाही, पण पोराने आपला मोजा काढलेला दिसला. कुशाबाने त्याचा हात धरून साखळीवर ठेवला आणि ठोकली. राजसचे डोळे मोठे झाले. नियमवाला माणूस, पण नियमाच्या पलीकडचं काही दिसलं की त्याला कळायचं. त्याने आपल्या फॉर्मच्या तळाशी पेनाने लिहिलं: तपासताना एक हात उघडा ठेवणे, आणि ऐकायला दुसरा माणूस जवळ उभा करणे. मग कागद कुशाबापुढे धरला आणि समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "काका, कान तपासून घ्या. यंत्र मिळतं. यंत्र लावून काम करता येतं. पण हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"व्हय," कुशाबा म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पोरगं बरोबर होतं.

पाचही साखळ्या पुन्हा झाल्या. प्रितमने या वेळी कुशाबाच्या शेजारी उभं राहून ऐकलं आणि होकारार्थी मान हलवली. मग कुशाबाने हात वर केला.

पहिल्या किलोमीटरला गाडी बाजूला घेऊन साखळ्या पुन्हा बघायच्या, हा कुशाबाचा नियम. बघितल्या. एकही तसूभर हलली नव्हती. पूल चढला, उतरला. उतारावर पुढे खरंच एक स्कूटर होती. कुशाबा ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत होता.

सिग्नलला प्रितमने तोंड वळवून विचारलं, "काकूला सांगितलंस?"

"नाय रे. तिला काय पत्ताच नाय. आणि ती हल्ली बोलतेच कुठे? जेवायला म्हण, पाणी म्हण, सगळं आपलं हातानेच..."

आणि कुशाबा बोलता बोलता थांबला.

सिग्नल सुटला. प्रितमने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि गिअर टाकला. भायखळा येईपर्यंत कुशाबा खिडकीबाहेर बघत होता, पण त्याला दिसत होतं ते घर. मीराबाईने वर्षभरात त्याला पाठीमागून एकदाही हाक मारली नव्हती. ती नेहमी वळसा घालून समोर यायची. त्याने वर बघेपर्यंत थांबायची. मोठ्याने बोलली असती तर त्याला ऐकू आलं असतं की. पण चाळीच्या भिंती त्या, एका घरातली फोडणी चौथ्या घरात शिंकते. बायको नवऱ्यावर ओरडून बोलायला लागली की आठ दिवसांत सगळ्या मजल्याला कळतं, कुशाबाला ऐकू येत नाही. म्हणून त्या बडबड्या बाईने आपलं तोंड मिटून घेतलं होतं. आणि हा शहाणा मनात म्हणत होता, बरं झालं, थकली.

पोकलेन उतरवून तो घरी पोचला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मीराबाई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तव्यावर भाकरी होती. कुशाबा दारातच थांबला. पाठीमागून हाक मारली नाही. जसं तिने वर्षभर केलं होतं तसा वळसा घालून तिच्यासमोर गेला, आणि तिने वर बघेपर्यंत थांबला.

तिने वर बघितलं. कुशाबाने आपल्या हनुवटीवर बोट टेकवलं.

बारा वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आणि नवऱ्याने तर कधीच नव्हती; त्याचं आपलं "अगं" आणि "ऐकतेस का." मीराबाईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. भाकरी करपायला लागली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि तिने पिठाच्या बोटांनी आपल्या कानाची पाळी चिमटीत धरली.

"उद्या दवाखान्यात येशील बरोबर?" कुशाबाने विचारलं. "यंत्र घेऊ या. साइटवर सांगितलं मी. सगळ्यांना सांगितलं."

मीराबाईने त्याच्याकडे नीट बघितलं, खरं बोलतोय ना हे तपासायला. मग पदराने डोळे पुसले, गॅस बंद केला, छाती भरून श्वास घेतला आणि अशी खणखणीत ओरडली की शेजारची लतिका हातातलं काम टाकून दारात आली.

"अहोऽऽ, चला जेवायलाऽऽ!"

ते कुशाबाला स्वच्छ ऐकू आलं.